गवताला किती किंमत लावायची?

मी काय काम करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग तुम्ही कुठला अल्गोरिदम वापरता?" रस्ता नसलेल्या जमिनीवरून ड्रायव्हर नसलेली गाडी वाट काढत जाते, म्हणजे त्यामागे काहीतरी कालपरवाच निघालेलं, भल्याभल्यांना न कळणारं गणित असणार, अशी समोरच्याची खात्री असते. मी सांगते, ए-स्टार. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल या तिघांनी १९६८ साली मांडलेला. समोरचा चेहरा पडतो. आम्ही त्यात भर बरीच घातली आहे, पण गाभा तोच.

ए-स्टार ज्या शेकी नावाच्या रोबोसाठी जन्माला आला, तो सपाट फरशीवर खोक्यांच्या मधून फिरायचा. त्याचं जग दोनच प्रकारचं होतं: इथून जाता येतं, इथून येत नाही. आणि ए-स्टारची हमीही तेवढीच आहे. तुम्ही प्रत्येक पावलाला जी किंमत लावून दिली असेल, त्या हिशेबाने सगळ्यांत स्वस्त वाट तो काढून देतो. किंमत बरोबर लावली का, हे तो विचारत नाही. डांबरी रस्त्यावर हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण चढ किती ठेवायचा, वळण किती मोठं घ्यायचं, पाणी कुठून काढायचं हे रस्ता बांधणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. रस्ता सोडला की ते सगळं आपल्या गळ्यात. माझ्या कामात वाट शोधणं थोडं. दिवस जातात ते किंमत लावण्यात.

आमची गाडी आपल्या भोवतीचा शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद तुकडा वीस सेंटिमीटरच्या चौकोनांत कापते. म्हणजे अडीच लाख चौकोन. प्रत्येकात एक आकडा, आणि सेकंदाला दहा वेळा सगळं नव्याने. रोबोवाल्यांच्या नेहमीच्या आरओएस प्रणालीत हा आकडा ० ते २५५ मधला असतो. ० म्हणजे मोकळं, २५४ म्हणजे इथे गाडी घातली तर आपटलीच, २५५ म्हणजे माहीत नाही. दोन्ही टोकांना अर्थ आहे. मधल्या आकड्यांना साधं एककही नाही. ४० म्हणजे कसले ४०? टीममध्ये नवीन आलेली मुलं "चिखल ८०, खडी ३०" असं मनाने भरतात आणि गाडी सरळ चिखलात गेली की लॉग उघडून डोकं धरून बसतात.

मी त्यांना सांगते, हा आकडा म्हणजे अदलाबदलीचा दर समजा. टणक जमिनीच्या एका मीटरला १ धरला आणि चिखलाच्या एका मीटरला ८, तर त्याचा अर्थ असा की एक मीटर चिखल चुकवायला मी टणक जमिनीवरून आठ मीटर जायला तयार आहे. पाच मीटर चिखलाला चाळीस मीटरचा वळसा मंजूर, एक्केचाळीसचा नामंजूर. असं मांडलं की तो आकडा माणसाला विचारता येतो. चिखलाची किंमत किती, याचं उत्तर कुणी देऊ शकणार नाही. हा चिखल चुकवायला किती लांबून जाल, याचं मुरलेला ड्रायव्हर लगेच देतो.

निदान मला तसं वाटलं होतं. आमच्या टेस्ट ड्रायव्हरना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्याबरोबर टॅबलेटवर नकाशा घेऊन मी मैदानातून पायी फिरते, आणि दर थोड्या अंतरावर थांबून तोच प्रश्न विचारते. एका ओल्या पट्ट्यापाशी विचारलं, "अण्णा, हा चुकवायला किती वळसा घालाल?"

"गाडी रिकामी की मागे वजन आहे?"

"रिकामी धरा."

"पलीकडे लगेच चढ आहे. वेग धरून यातून निघालो तर तसाच वर जाईन, मग वळसा कशाला? पण उलट बाजूने येत असेन तर उतरलो की थेट यात. तेव्हा नको." त्यांनी बुटाची टाच चिखलात दाबून अर्धी फिरवली, वर आलेली माती दोन बोटांत चोळून बघितली. "हा वरवरचा आहे. चार बोटं लगदा, खाली घट्ट. तो पलीकडचा बघा, दिसायला असाच. तिथे टाच घातली तर बूट सोडून यावं लागेल."

टॅबलेटवर दोन्ही पट्टे एकाच पिवळ्या रंगात होते.

अण्णांनी टाचेने केलं त्यासाठी एक उपकरण आहे, कोन पेनेट्रोमीटर. शंकूच्या टोकाची सळई जमिनीत दाबत न्यायची आणि किती जोर लागतोय ते वाचायचं. लष्करी वाहनांसाठी जमिनीचा हा आकडा आणि त्या वाहनाला लागणारा किमान आकडा शेजारी ठेवून "जाईल" आणि "जाणार नाही" असे नकाशे रंगवले जात. पोलंडमध्ये जन्मलेल्या एम. जी. बेक्कर या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या मध्याला चाकाखालचा दाब आणि चाक किती खोल जाईल यांचं नातं समीकरणात बसवलं. पुढे चंद्रावरच्या गाडीच्या कामातही ते होते. त्यातून निघणारी एक गोष्ट ड्रायव्हर लोकांना समीकरणाशिवाय माहीत असते. वाळूत उतरण्याआधी अण्णा टायरमधली हवा तीसेक पीएसआयवरून अठरापर्यंत आणतात. टायर पसरतो, दाब वाटला जातो, गाडी कमी रुतते. म्हणजे व्हॉल्व्हमधून फुसकन हवा गेली त्या क्षणी माझ्या नकाशातल्या वाळूच्या सगळ्या चौकोनांची किंमत खाली यायला हवी. जमीन तीच, गाडी तीच.

दिसायला सारखी आणि वागायला वेगळी जमीन किती महागात पडते याचं सगळ्यांत नीट नोंदवून ठेवलेलं उदाहरण मंगळावरचं आहे. ऑपर्च्युनिटी रोव्हर एप्रिल २००५ मध्ये वाळूच्या एका साध्या लाटेत रुतला. त्या लाटेला नंतर पर्गेटरी असं नाव पडलं. तशा कितीतरी लाटा तो आधी बिनबोभाट ओलांडून आला होता. उंची, उतार, खडबडीतपणा, कॅमेऱ्याने मोजता येईल असं जे काही होतं ते सगळं ठीक होतं. त्याला बाहेर काढायला पाच आठवडे गेले. शेवटच्या टप्प्यात चाकं इतकी फिरवली की घसरण नसती तर रोव्हर १९२ मीटर गेला असता. सरकला जेमतेम मीटरभर. पुढे अशा जमिनीवर तो थोडं चालायचा, थांबून आधीच्या आणि आत्ताच्या फोटोंतून आपण खरंच किती सरकलो ते मोजायचा, आणि चाकांचा हिशेब जुळत नसेल तर तिथेच थांबायचा. वाट आखताना जे कळू शकत नाही ते चालताना पकडायचं. आमच्या गाडीतही हेच आहे: चाकं सांगतात दहा मीटर, बाकीचे सेन्सर सांगतात सहा, म्हणजे या प्रकारच्या जमिनीची किंमत आत्ताच्या आत्ता वाढव आणि पुढचा नकाशा पुन्हा रंगव.

आता गवत. लेझर किरण सोडून अंतर मोजणारा लायडार कमरेएवढ्या गवताकडे बघतो तेव्हा त्याला एक मीटर उंचीची भिंत दिसते. उंचीवरून किंमत लावणारा प्लॅनर, म्हणजे वाट आखणारा प्रोग्राम, अशा माळावर गाडी जागची हलवत नाही. चारी बाजूंना भिंती, करणार काय? म्हणून आम्ही लेझरचे बिंदू कसे पडलेत ते बघतो. दगडावरचे बिंदू एका पातळ पापुद्र्यावर बसतात. गवतातले काही वरच्या पात्यांवर, काही मध्ये, काही थेट जमिनीपर्यंत, असे विखुरतात. शिवाय हिरवी पानं लाल प्रकाश शोषतात आणि जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परतवतात, त्यामुळे तसा कॅमेरा असेल तर झाडपाला आणि दगड वेगळे काढता येतात. (वाळलेलं गवत मात्र इथे चांगलंच फसवतं.)

एवढं करून कळतं काय, तर हे गवत आहे. त्या गवतात दगड आहे का, हे कळत नाही. इथे टीममध्ये दरवेळी वाद होतो. एक गट म्हणतो, गवत म्हणजे मोकळं, नाहीतर आपण कुठेच पोचणार नाही. दुसरा म्हणतो, दिसत नाही म्हणजे धोका, किंमत चढी ठेवा. माझं मत असं की एकाच आकड्यात दोन गोष्टी कोंबल्यामुळे हा वाद होतो. गवतातून जायला जोर किती लागतो ही एक गोष्ट. त्यात लपलेलं काय असेल याची शंका ही दुसरी. पहिलीचं उत्तर किंमत आहे, दुसरीचं उत्तर वेग आहे. चालण्याच्या वेगाने गवतात शिरलं आणि बंपरला दगड लागला तर थांबता येतं, मागे येता येतं. तोच दगड चाळीसच्या वेगाने लागला तर पुढचा अ‍ॅक्सल हातात येतो. म्हणून आमच्या नकाशात आता दोन थर आहेत, आणि गवताच्या चौकोनाची किंमत बेताची पण वेगाची मर्यादा कडक असते. हे पटवायला मला बरेच दिवस लागले आणि अजून सगळ्यांना पटलेलं नाही.

वेग हा वाटेचाच भाग आहे हे खरं तर २००५ मध्येच दिसलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २००४ मध्ये, अमेरिकेच्या डार्पा या संस्थेने मोहावी वाळवंटात बिनड्रायव्हरच्या गाड्यांची शर्यत ठेवली होती. सुमारे २४० किलोमीटरच्या वाटेवर सगळ्यांत लांब गेलेली गाडी, कार्नेगी मेलन विद्यापीठाची सँडस्टॉर्म, १२ किलोमीटरच्या आतच एका वळणावर अडकली. दीड वर्षाने, ८ ऑक्टोबर २००५ ला, २१२ किलोमीटरची वाट पाच गाड्यांनी पूर्ण केली. स्टॅनफर्डची स्टॅन्ली ६ तास ५४ मिनिटांत पोचून पहिली आली. वाट शोधायचं कोडं त्यात फारसं नव्हतंच. शर्यत सुरू होण्याच्या दोन तास आधी जीपीएस बिंदूंची फाइल हातात मिळाली होती, प्रत्येक टप्प्याची रुंदी आणि वेगमर्यादा तिच्यातच दिलेली. स्टॅन्लीचा प्लॅनर त्या पट्ट्यात थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे एवढंच मुख्यतः ठरवत होता. तिची खरी हुशारी दोन ठिकाणी होती. धक्का जोरात बसला की ती वेग उतरवायची आणि मग हळूहळू परत वाढवायची. आणि जवळची जमीन लेझरने तपासून "ही चांगली" असं ठरलं की तशाच रंगाची जमीन कॅमेऱ्यात पुढे कुठवर पसरली आहे ते बघायची, म्हणजे लेझर पोचतो त्याच्या पलीकडेही अंदाज बांधता यायचा. दर क्षणी जवळचं बघून लांबचं शिकणं. त्या वाळवंटात कमरेएवढं गवत नव्हतं, हे मात्र आमच्या लोकांना मी अधूनमधून आठवण करून देते.

मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती चराची. दगड, झाड, खांब हे जमिनीच्या वर येतात, दिसतात. चर, घळ, खचलेला काठ हे खाली असतात. हिशेब करून बघण्यासारखा आहे. सेन्सर जमिनीपासून दोन मीटर उंचीवर आहे आणि वीस मीटर पुढे एक मीटर रुंद चर आहे. अलीकडच्या काठावरून नजर टाकली तर पलीकडच्या भिंतीचा वरचा दहा सेंटिमीटरचा पट्टा फक्त दिसतो. चर दोन मीटर खोल असो की दहा, दिसणार तेवढाच. अंशांत मोजलं तर पाव अंशाच्या आसपास. चाळीस मीटरवरून बघाल तर पाच सेंटिमीटर, म्हणजे ०.०७ अंश. अंतर दुप्पट, दिसणं एक चतुर्थांश. त्याच चाळीस मीटरवरचा मीटरभर उंचीचा दगड जवळजवळ दीड अंश व्यापतो, वीसपट.

आता ६४ किरणांच्या जुन्या लायडारमध्ये दोन किरणांतलं अंतर साधारण ०.४ अंश असतं. म्हणजे चराच्या पलीकडच्या भिंतीवर एक किरण तरी नक्की पडेल असं म्हणायला सोळा-सतरा मीटरपर्यंत जवळ यावं लागतं. एका किरणावर विश्वास कोण ठेवणार? तीन हवे असतील तर नऊ मीटर. सैल खडीवर गाडी सेकंदाला तीन मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करू शकते असं धरा, आणि कळल्यापासून ब्रेक लागेपर्यंत अर्धा सेकंद. ताशी ३६ किलोमीटरला थांबायला बावीस मीटर लागतात. नऊ मीटरमध्ये थांबायचं तर वेग ताशी बावीसच्या वर नको. हे सगळं कोरड्या दिवशी, सपाटीवर, सेन्सर स्वच्छ असताना. सेन्सर छतावर आणि बंपर त्याच्या दीड-दोन मीटर पुढे, ते अंतर अजून वजा केलेलंच नाही.

बघायला आलेले पाहुणे विचारतात, गाडी एवढी हळू का चालते? कॉम्प्युटर कमी पडतो का? तर ही भूमिती आहे. जास्त दाट किरणांचे लायडार आले, उंचावर लावले, फायदा होतो. पण अंतराचा वर्ग कुणालाच सोडत नाही. उरतो तो एक मार्ग: न दिसलेल्या जमिनीला न दिसलेली जमीनच म्हणायचं. वीस मीटरवर जमिनीवर पडणारे दोन किरण एकमेकांपासून जवळजवळ दीड मीटर अंतरावर पडतात. त्या मधल्या जागेत २५५ भरायचा की शेजारच्या दोन बिंदूंची सरासरी? सरासरी भरली तर नकाशा देखणा, गुळगुळीत दिसतो. प्रेझेंटेशनला फार छान. चर त्या दीड मीटरमध्ये अख्खा मावतो.

उताराबद्दल थोडं. डोंगर चढताना माणूस नागमोडी चढतो, कारण त्याला दम लागतो. गाडीला दमापेक्षा कलंडण्याची भीती जास्त. जोर पुरत असेल तर सरळ वर आणि सरळ खाली, आडवं जायचं नाही. प्रत्येक चौकोनाला उतारानुसार एकच आकडा लावणारा प्लॅनर यात हमखास फसतो, कारण त्याला २५ अंशांचा उतार म्हणजे २५ अंशांचा उतार. गाडीचं तोंड कुठे आहे हे त्याच्या हिशेबात नसतं. कलंडण्याचं कागदावरचं गणित सोपं आहे. चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य ९५ सेंटिमीटरवर असेल तर ३८ अंशांपर्यंत गाडी उभी राहते. २५ अंशांवर आडवं जायला हरकत नाही, असं वाटेल. वरच्या बाजूचं चाक ३० सेंटिमीटरच्या दगडावर चढलं आणि त्याच वेळी खालचं २० सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेलं की आणखी अठरा अंश पडतात. पंचवीस आणि अठरा, त्रेचाळीस.

म्हणून चौकोनांची बेरीज पुरत नाही, गाडी त्या जमिनीवर मनातल्या मनात ठेवून बघावी लागते: चारही चाकं कुठे टेकतील, त्यावरून ती किती तिरपी होईल, पोट कशाला लागेल. मंगळावरच्या परसिव्हिअरन्स रोव्हरच्या प्रोग्राममध्ये हेच काम करणारा एक भाग आहे. तो चाकांची नेमकी जागा काढत बसत नाही. प्रत्येक चाक जास्तीत जास्त किती वर आणि किती खाली असू शकेल याच्या सीमा धरून रोव्हरचं पोट वाचतं का ते बघतो. नेमकेपणा सोडून वेळ वाचवायचा, पण सुरक्षिततेच्या बाजूने. मला हा विचार फार आवडतो.

आणि दगडाची गंमत तर इथेच आहे. पंचवीस सेंटिमीटर उंच दगड, गाडीचं पोट जमिनीपासून बावीसवर. नवशिका तो दोन चाकांच्या मध्ये घेतो आणि डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा, त्यावर आपटतो. अण्णा चाक सरळ दगडावर घालतात. गाडी त्या बाजूने उचलली जाते, पोट वर जातं, पलीकडे हळूच उतरतं. म्हणजे ज्या चौकोनापासून लांब राहा असं आमचा नकाशा ओरडून सांगतो, त्याच चौकोनावर चाक ठेवणं ही बरोबर वाट. अडथळ्याभोवती सुरक्षित अंतराचं वर्तुळ काढायची जी पद्धत आहे, तिच्यात ही वाट मांडताच येत नाही. ऑफिसच्या मजल्यावर फिरणाऱ्या रोबोसाठी ती पद्धत उत्तम आहे. तिथून ती उचलून आणली गेली आणि राहिली.

वळणाचं लवकर उरकते. चौकोनांवरून काढलेली वाट काटकोनात वळते, गाडी वळत नाही. सहा मीटरची वळणत्रिज्या असलेल्या गाडीसाठी जागेबरोबर तोंडाची दिशाही हिशेबात धरावी लागते. २००८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या हायब्रिड ए-स्टारने ते काम बऱ्यापैकी सोडवलं आहे, आम्ही तेच वापरतो.

झाडासमोरच्या द्विधेबद्दल मात्र सांगायलाच हवं. गाडी सरळ झाडाकडे चालली आहे. डावीकडून जाणं आणि उजवीकडून जाणं, दोन्हीची किंमत जवळजवळ सारखी. या क्षणी डावी वाट थोडी स्वस्त. सेकंदाच्या दहाव्या भागात नवीन नकाशा आला, एक फांदी वेगळी दिसली, उजवी स्वस्त. पुन्हा डावी. बाहेरून बघणाऱ्याला स्टिअरिंग थरथरताना दिसतं, आणि सरासरी काढली तर गाडी सरळ झाडावर. उंबऱ्यात उभं राहून आत-बाहेर करणाऱ्या माणसासारखं. प्रत्येक क्षणी निर्णय अचूक, एकूण परिणाम आपटणं. उपाय अगदी गावठी आहे: आधीची वाट धरून ठेवा, नवी वाट निदान दहा टक्के स्वस्त असल्याशिवाय बदलू नका. अँथनी स्टेंट्झ यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या डी-स्टारसारख्या पद्धती नकाशा थोडा बदलला की सगळं पहिल्यापासून न मोजता वाट दुरुस्त करतात, त्याने वेळ वाचतो. हट्ट मात्र वेगळा शिकवावा लागतो.

परतीच्या वाटेचा विषय कामात फार कमी निघतो, म्हणून तो मी मुद्दाम इथे लिहिते. चंद्रावर १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर पहिल्यांदा गाडी गेली, तेव्हा ती कुठवर न्यायची याची मर्यादा बॅटरीवरून ठरली नव्हती. गाडी बंद पडली तर उरलेल्या ऑक्सिजनमध्ये चालत यानापर्यंत परत येता आलं पाहिजे, त्यावरून ठरली होती. त्यामुळे आधी सगळ्यांत लांबच्या ठिकाणी जायचं आणि मग यानाकडे येत येत बाकीची ठिकाणं घ्यायची, असा क्रम लावला जाई. ऑक्सिजन कमी होत जातो तसतसं यान जवळ येत जातं. अपोलो १७ मध्ये अंतराळवीर यानापासून ७.६ किलोमीटरपर्यंत गेले.

आमच्याकडे ऑक्सिजनचा प्रश्न नाही, पण सैल मातीचा तीव्र उतार उतरणं हा एकतर्फी व्यवहार असतो. खाली जाता येतं, त्याच वाटेने वर येता येत नाही. खाली पुढची वाट बंद निघाली तर? ए-स्टारला उतरणं स्वस्त वाटतं आणि तो आनंदाने उतरतो. म्हणून मी एक नियम घातला: अशा प्रत्येक एकतर्फी टप्प्यापाशी खालून निघायची दुसरी वाट नकाशात दिसते का ते बघ, दिसत नसेल तर उतरणं महाग कर. यामुळे गाडी कधीकधी काठावर थांबून राहते आणि बघणाऱ्यांना ती भित्री वाटते. वाटू दे.

एवढे सगळे आकडे हाताने लावायचे म्हणजे आयुष्य जाईल, म्हणून सध्या आम्ही ते ड्रायव्हरच्या वाटांवरून शिकायचा प्रयत्न करतो आहोत. कल्पना जुनी आहे. कार्नेगी मेलनमध्ये क्रशर नावाच्या सहा चाकी अवजड गाडीवर हे करून झालं आहे: तज्ज्ञ माणसाने दाखवलेली वाट घ्यायची आणि ती सगळ्यांत स्वस्त ठरेल अशा किमती उलट शोधायच्या. अण्णांच्या वाटा आमच्याकडे भरपूर आहेत. प्लॅनरची वाट आणि त्यांची वाट एकावर एक ठेवली की कुठे बिनसतं ते लगेच दिसतं, आणि त्यांना विचारलं की कारण कळतं.

अडचण अशी की अण्णा चांगले ड्रायव्हर आहेत. ते वाईट जमिनीवर जातच नाहीत. ते कुठून गेले ते आम्हाला कळतं. जिथून गेले नाहीत ती जागा थोडी वाईट होती, फार वाईट होती, की ठीकच होती पण त्यांना त्या बाजूला जायचंच नव्हतं, हे कळत नाही. दोन ओल्या पट्ट्यांपैकी एकातून ते गेले, दुसऱ्याबद्दल मशिनकडे एक ओळही नाही. सिम्युलेटरमधल्या चिखलावर माझा भरवसा नाही, कारण त्याला किती चिकट करायचं तेही आम्हीच ठरवलं आहे.

त्यामुळे पुढच्या टेस्टला मी अण्णांना मुद्दाम वाईट वाटेने जायला सांगितलं आहे: आधी थोडी वाईट, मग जास्त, प्रत्येक वेळी चाकं किती घसरली त्याची नोंद. दोन मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) लावलेली दुसरी गाडी टणक जमिनीवर आधीच उभी करा म्हणाले, आणि रुतलेल्या गाडीखाली फावडं घेऊन कोण जाणार ते आत्ताच कागदावर लिहून द्या. माझं नाव मी लिहून दिलं आहे. दुसरं नाव अजून कुणी देत नाही.